दोडक्याची वांझ फुलं

खुटबाव, ता. दौंड
३ ऑगस्ट

ती. शितलकाकी यांना प्रगतीचा नमस्कार.

पत्रात मोठ्यांना तुम्ही लिहायचं असतं असं मराठीच्या बाई सांगतात, म्हणून तुम्ही लिहिते आहे. फोन करता येत नाही. तुमचा नंबर आधी काकांच्या फोनमधून गेला, मग दादांच्या, आणि आईचा फोन दादांच्याच खिशात असतो. पोपटमामांच्या टेम्पोत मी परवा काकडीचे क्रेट चढवत होते, तेव्हा ते म्हणाले, "मी वडगाव रासाईला कोथमीर भराया दिसाआड जातोय. चिठ्ठी दिलीस तर तुझ्या काकीच्या वसरीला टाकीन. पर माझं नाव कुठं निघालं न्हाई पायजे." तेव्हा तुम्हीही त्यांचं नाव घेऊ नका.

भाऊबीजेला म्हणून तुम्ही माहेरी गेलात, त्याला आता पंचमीही होऊन गेली. परत कधी येणार हे विचारायला मी लिहीत नाही. ते विचारायचं नाही असं आईनं सांगितलंय. मला विज्ञानातलं विचारायचं आहे.

दहावीच्या पुस्तकात प्रजननाचा धडा आहे. सरांनी जास्वंदीचं फूल आणून दाखवलं. निदलपुंज, दलपुंज, पुंकेसर, स्त्रीकेसर, सगळं फळ्यावर काढलं. पुढं माणसांची पानं आली तेव्हा खडू खाली ठेवून म्हणाले, "हे सोपं आहे, घरी वाचा." मागच्या बाकावरची पोरं हसली आणि आम्ही मुली पुस्तकात माना घालून बसलो. आता घरी वाचायचं तर कोणाजवळ बसून? बारावी सायन्स झालेलं आपल्या घरात तुमच्याशिवाय कोणी नाही. तुम्ही आठवीत शिकवलेली हृदयाची आकृती मी अजून डोळे मिटून काढते.

प्रश्न असा आहे. जास्वंदीच्या एकाच फुलात पुंकेसरही असतात आणि स्त्रीकेसरही. म्हणून मी आपल्या दोडक्याचं फूल उकलून पाहिलं. त्यात नुसते पुंकेसर. दुसरं उकललं, त्यात नुसता स्त्रीकेसर, आणि मागं करंगळीएवढा दोडका आधीच लागलेला. मग जेवढी हाताला आली तेवढी फुलं फाडली. सगळीकडं हेच. माझं बघण्यात चुकतंय, की दोडकाच वेगळा आहे?

आजीला विचारलं. आजी म्हणाली, "माग दोडका हाय ती कळी. मोकळं हाय ते वांझ फूल. खुडून टाकायचं. निस्तं येलाचं खातंया आन् देत काय न्हाई."

यंदा खुडायचं काम माझ्याकडं आहे. रोज पाटीभर निघतात. शेळी आवडीनं खाते.

आई हल्ली तो शब्द हळू म्हणते. आजी मोठ्यानंच म्हणते.

तुमची,
प्रगती

९ ऑगस्ट

काकी,

तू माझंच पत्र तपासून परत पाठवलंस. लाल शाईनं. वेलांट्यांच्या चुका एवढ्या असतील असं मला वाटलं नव्हतं. आणि समासात "तुम्ही कधीपासून?" असं लिहिलंस, ते वाचून मी जेवताना हसले तर दादा म्हणाले, काय झालं? मी म्हटलं, ठसका लागला.

तू लिहिलंस की फुलं फाडून पाहिलीस ते चांगलं केलंस, दोडका एकलिंगी आहे, दोन्ही फुलं एकाच वेलावर पण वेगवेगळी. आणि पुढं, "नुसते पुंकेसर असतात त्या फुलाला काय म्हणायचं ते पुस्तकात बघ. आजीला विचारू नकोस."

बघितलं. नर फूल.

मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं आणि पुस्तक घेऊन तशीच दोडक्याच्या मांडवाखाली गेले. म्हणजे ज्याला आपण वांझ म्हणतो ते नर आहे. आणि आपण ते रोज खुडून शेळीला घालतो.

मग मला दुसराच प्रश्न पडला. आजी सांगते की ही फुलं खुडायची रीत तिच्या सासूपासूनची आहे. नर फूल नसेल तर परागकण नाहीत, परागकण नसतील तर फळ धरणार नाही. तरी दर वर्षी आपल्याला दोडका निघतोच की. गेल्या साली तर पोपटमामा म्हणत होते, तुमच्या मालाला मार्केटात नाव हाय. ते कसं?

यंदा मात्र खरंच धरत नाही. कळ्या पिवळ्या पडून गळतात. दोन ओळी न खुडता ठेवून बाकीच्या खुडल्या, तर फरक दिसेल का? दादा बियाण्याच्या दुकानदाराशी भांडून आले, बी बोगस दिलं म्हणून. तो म्हणाला, हेच बी सगळ्या वरवंड गावात गेलंय, कुणाची तक्रार नाही. मग आजी म्हणाली, घरातली लक्ष्मी... आणि थांबली. लक्ष्मी म्हणजे कोण, ते तिनं पुढं सांगितलं नाही.

आणखी एक मी पाहिलं. दोडक्याची फुलं सकाळी मिटलेलीच असतात. दिवस कलला की एकेक उमलतं. मी शाळेतून आल्यावर मांडवाखाली बसते. काळे भुंगे येतात, एक पांढरट पाकोळी येते. सरांना सांगितलं तर म्हणाले, परीक्षेत जास्वंदच येणार आहे.

रखमाजीआप्पा दोनदा येऊन गेले. कशाला ते मला नीट माहीत नाही.

प्रगती

१६ ऑगस्ट

काकी,

तुझं उत्तर मी जीवशास्त्राच्या भागात ठेवलंय, कारण ते पुस्तक घरात दुसरं कोणी उघडत नाही.

"ओढ्याकडच्या चार ओळींतली फुलं मी कधी खुडली नाहीत. सासूबाईंशी वाद घालण्यापेक्षा ते सोपं होतं. तिथून भुंगे सगळ्या वावरभर फिरत."

म्हणजे आपला दोडका त्या चार ओळींवर चालला होता, आणि ते तुझ्याशिवाय कोणालाच माहीत नव्हतं. यंदा मी मन लावून सगळ्याच ओळी खुडल्या. आजीनं दोनदा शाबासकी दिली होती.

मी लगेच आजीला सांगायला निघाले होते, पण तू पुढं लिहिलंस की सांगू नकोस, करून दाखव. आणि मी सुचवलेला प्रयोग तू खोडून टाकलास. दोन ओळी खुडायच्या नाहीत आणि बाकीच्या खुडायच्या, एवढ्यानं काही कळणार नाही, कारण भुंगा ओळी बघून येत नाही. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. तू सांगितलंस, उमलायच्या आधीच कळ्यांना पिशव्या घालायच्या, म्हणजे भुंगा आत जाणार नाही. मग निम्म्यांना आपल्या हातानं पराग लावायचा आणि निम्म्यांना काहीच लावायचं नाही. बाकी सगळं सारखं. वेल तोच, पाणी तेच.

पिशव्यांना पातळ कापड पाहिजे होतं. तुझ्या पेटीतली मोरपंखी जाळीची ओढणी मी घेतली. न विचारता कापली, त्याबद्दल लाल शाईनं काय लिहायचं ते लिही. पेटी आता तुमच्या खोलीत नाही. आजीनं ती कांद्याच्या चाळीत ठेवायला सांगितली. का ते मी विचारलं, तर म्हणाली, खोलीला रंग द्यायचाय.

पिशव्या शिवून मी काल कळ्यांना बांधल्या. सगळ्या मांडवात मोरपंखी टिकल्या लोंबताहेत. आजी भांगलायला आलेल्या बायकांना घेऊन बघायला आली.

"काय गं, फुलांची लगनं लावती का काय?"

मी म्हटलं, "व्हय. सांजच्याला हाय. जेवूनच जा."

कस्तुराबाई म्हणाली, "नवरदेव कुठं हाय मग?"

मी म्हटलं, "तो शेळीनं खाल्ला."

सगळ्या हसल्या. आजीही हसली. तिला नवरदेव कळला नाही.

संध्याकाळी काका आले. उंचावरच्या कळ्यांना माझा हात पुरत नव्हता, म्हणून त्यांनी वेल खाली ओढून धरला. मी नर फुलाच्या पाकळ्या काढल्या, पुंकेसर कळीच्या कुक्षीवर टेकवले, पिशवी पुन्हा बांधली आणि वर लाल दोरा. काका नुसते त्या ओढणीच्या कापडाकडं बघत होते. शेवटची पिशवी बांधल्यावर म्हणाले, "ह्ये तुला कुणी शिकवलं?" मी म्हटलं, पुस्तकानं. ते म्हणाले, "पुस्तक वडगावला ऱ्हातंय व्हय?" आणि निघून गेले.

आणखी एक नियम तू लिहिलास, तो मी वहीच्या पहिल्या पानावर उतरवून घेतला. निष्कर्ष गाईडमधून लिहायचा नाही. ज्यानं प्रयोग केला त्यानंच लिहायचा.

प्रगती

२४ ऑगस्ट

काकी,

निरीक्षण लिहिते.

लाल दोऱ्याच्या कळ्यांतली एक सोडून सगळ्या धरल्या. ती एक मी पाकळ्या काढताना दुखावली होती. दोरा नसलेल्या सगळ्या पिवळ्या पडून पिशवीतच गळाल्या.

आजीला हाताला धरून मांडवाखाली नेलं. आई पलीकडं गवत कापत होती, काका वेल तारेला बांधत होते. मी पिशव्या एकेक सोडून दाखवल्या.

आजी म्हणाली, "ह्यो लाल दोऱ्याचा चांगला वीतभर झालाय की. आन् ह्ये गळालं. नजर लागली असंल."

"सगळ्या पिशवीतच हुत्या आजी. नजर लागायची तर सगळ्यांला लागंल."

"मग?"

"लाल दोरा हाय त्यांला मी तुझं वांझ फूल लावलं. दुसऱ्यांला लावलं न्हाई."

आजीनं गळालेली कळी उचलून तळहातावर घेतली. "म्हंजी वांझ फूल लावल्याबिगर धरत न्हाई?"

"ते वांझ न्हाईच. नर हाय ते."

"आगं पर त्याला फळ कुठं येतंया?"

"बैलाला वासरू हुतंय का?"

"लई शानी झाली," आजी म्हणाली. मग ती कळी हातात फिरवत म्हणाली, "माझ्या सासूनं दावलं तसं मी केलं. मला काय ठावं? इतकी वर्सं आमी त्यालाच वांझ म्हणत हुतो व्हय?"

आईचा विळा थांबला होता. काका म्हणाले, मोटार बंद करून येतो, आणि विहिरीकडं गेले. काकी, लाईट दुपारपासून नव्हती. मोटार चालूच नव्हती.

आता मी आधी लिहायचं टाळलं ते लिहिते. रखमाजीआप्पा कशाला येतात ते मला माहीत आहे, नीट माहीत नाही असं लिहिलं तेव्हाही होतं. काकांसाठी त्यांनी बारामतीकडची एक मुलगी आणली आहे. बारावी झालेली, घरी आजारी वडील. पितृपक्ष संपला की बघायला जायचं आणि दिवाळीनंतर उरकायचं असं चाललंय. त्याआधी तुझी सही पाहिजे, सोडचिठ्ठीवर. आप्पा म्हणाले, "सई करंल, न करून जाती कुठं? कारण सगळ्या गावाला ठावं हाय."

ते कारण म्हणजे तोच शब्द.

मी आईला एकटीला गाठून विचारलं की काकीला दौंडच्या डॉक्टरांनी काय सांगितलं होतं. आधी ती म्हणाली, लहान तोंडी मोठा घास घेऊ नकोस. मी म्हटलं, धडाच आहे, परीक्षेला आहे. तेव्हा ती चुलीकडं बघत म्हणाली, तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आल्या होत्या. डॉक्टरबाई म्हणाल्या, आता मालकांना घेऊन या. मी म्हटलं, मग काका गेले? आई म्हणाली, पुरुषाला कोण सांगणार?

सरांनी घरी वाचायला सांगितलेली पानं मी वाचली. त्यात स्पष्ट लिहिलंय की मूल न होण्याची कारणं दोघांतही असू शकतात. छापलेलं आहे. सरकारी पुस्तक आहे.

म्हणून विज्ञानातला एक प्रश्न विचारते. दोन गोष्टी लागणाऱ्या प्रयोगात एकीचीच तपासणी केली आणि दुसरीची केलीच नाही, तर निष्कर्ष काढता येतो का?

प्रगती

२ सप्टेंबर

काकी,

या वेळी वेलांट्या तपासल्या नाहीस. माझ्या प्रश्नाखाली लाल शाईनं फक्त "नाही" लिहिलंस, आणि खाली रेघ मारलीस.

ते पत्र पोपटमामांनी माझ्या हातात दिलं तेव्हा काका टेम्पोच्या मागंच उभे होते. पोपटमामांचा चेहरा असा झाला की बघायला पाहिजे होतंस. ते म्हणाले, "शेवग्याच्या बियाचं पाकीट हाय." काका म्हणाले, "मला ठावं हाय रं कशाचं बी हाय ते. ओढणी बघितली तवाच कळलं." टेम्पो गेल्यावर त्यांनी हात पुढं केला. मी दिलं. माझा नाइलाज होता असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. मला द्यायचंच होतं.

त्यांनी आधी माझा प्रश्न वाचला, मग तुझं अक्षर. एका शब्दाला किती वेळ लागतो? त्यांना खूप लागला. गणपतीच्या मांडवात गाणी चालू होती, ती संपून दुसरी लागली.

मग ते म्हणाले, "ते तपासत्यात कसं, ते दिलंय का तुझ्या पुस्तकात?"

मी म्हटलं, "पुस्तकात न्हाई. दौंडला हाय."

"लई लागतंय का?" म्हणजे दुखतं का, असं त्यांना विचारायचं होतं.

"काकी तीनदा गेली हुती, तिला इचारा."

हे मी जास्त बोलले का? ते रागावले नाहीत. पत्र घडी घालून मला परत दिलं आणि म्हणाले, वहीत ठेव, हरवू नको.

दुसऱ्या दिवशी ते दौंडला गेले. संध्याकाळी मोटारीचा नवा स्टार्टर घेऊन आले. जुना चांगला होता.

प्रगती

१९ सप्टेंबर

काकी,

तू मागच्या पत्राचं उत्तर दिलं नाहीस. पोपटमामा म्हणाले, "वाचलं तिनं. पोरांची शिकवणी चालू हुती, पोरांला सोडून आत गेली." म्हणून मी तेवढ्यावर थांबले होते. आता मात्र लिहायलाच पाहिजे.

स्टार्टरच्या नंतर काका पुन्हा दौंडला गेले. या वेळी काहीच विकत आणलं नाही. नंतर आणखी एकदा गेले आणि येऊन मांडवाखाली बसले. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "ठिव तिथं," आणि चहावर साय धरली तरी घेतला नाही. मग मला म्हणाले, "तुला ठावं हाय न्हवं काय आसंल ते?" मी मान हलवली. म्हणाले, "मग तू लिहू नको."

मी लिहिणार नाही. पण काल घरात जे सगळ्यांसमोर झालं ते लिहायला त्यांनी मना केलेलं नाही.

रखमाजीआप्पा आले होते. अमावस्या झाली की कधी निघायचं ते ठरवायला. काका ओसरीवरून म्हणाले, "आप्पा, तिकडं निरोप धाडा. आमी येत न्हाई."

"येड लागलं का? पोरगी हातची जाईल."

"जाऊ द्या. दुसऱ्याच्या लेकीला कशाला फसवायचं?"

"फसवायचं म्हंजी?"

"म्हंजी माझी तपासणी झाली."

आप्पांनी टोपी काढली आणि पुन्हा घातली. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. आजी पावटा सोलत होती, ती सोलतच राहिली. सोललेले दाणे टरफलात आणि टरफलं दाण्यांत पडत होती. आप्पा गेल्यावर ती काकांना म्हणाली, "मला का न्हाई सांगितलं?" काका म्हणाले, "तू इचारलंस कवा?" मग ती उठून चाळीत गेली आणि तुझ्या पेटीवरचा कांद्याचा पाला झाडत बसली.

आज सकाळी भांगलायला बायका आल्या. कस्तुराबाईनं सवयीनं फूल खुडलं, तर आजी बांधावरून ओरडली, "आगं ठिव. नर हाय तो." बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. आजी म्हणाली, "बघताय काय? दहावीच्या पुस्तकात हाय."

पेटी खोलीत आणून ठेव असं तिनं मला सांगितलंय. मी अजून ठेवली नाही. इथं ठेवायची की पोपटमामांच्या टेम्पोत घालून वडगावला पाठवायची, ते तू सांगशील तसं करीन. ओढणी तेवढी परत देता येणार नाही.

रविवारी काका तुझ्याकडं येताहेत. त्या दिवशी सर्वपित्री आहे. आजी म्हणाली, अमावस्येचं जाऊ नको, घट बसल्यावर जा. काका म्हणाले, "मी काय मागाया न्हाई चाललो. सांगाया चाललोय. त्याला अमावस्या चालती." सोबत दोडके आणतील. नंतर पुन्हा पिशव्या बांधून धरवलेले, लाल दोऱ्याचे. पहिल्या वेळचा एक मी बियाण्यासाठी वेलावरच जून होऊ दिलाय.

दार उघडायचं की नाही ते तू बघ. त्याबद्दल मी काही विचारत नाही, पहिल्या पत्रातही विचारलं नव्हतं. फक्त तू घरी असलीस तर बरं.

प्रयोगवही उद्या तपासायला द्यायची आहे. त्यात दोडक्याचा निष्कर्ष मी लिहिला, माझा होता म्हणून. दुसरा एक प्रयोग मी शेवटच्या पानावर पेन्सिलीनं मांडलाय, तो सरांना दाखवणार नाही. उद्देश, साहित्य, कृती, निरीक्षण, सगळं लिहिलंय. निष्कर्षाची जागा रिकामी सोडली आहे. तो ज्यांचा आहे ते रविवारी पहिल्या गाडीनं निघताहेत.

तुझी,
प्रगती